ऑर्व्हिल स्टेनरुडचं कॅलिबर

डोंगरातल्या विलो फोर्क गावात देवावरून भांडण होत नाही. लुथरन लोक नदीच्या अलीकडं, कॅथलिक पलीकडं, आणि दोघंही शनिवारी लव्हॉनच्या कॅफेत एकाच टेबलावर बसून हकलबेरीची गोड पेस्ट्री खातात. भांडण होतं ते कॅलिबरवरून. एल्कला, म्हणजे तिथल्या थोराड सांबराला, कुठल्या मापाची गोळी घालावी, ह्या एका प्रश्नापायी तिथं सख्ख्या भावांचं बोलणं बंद आहे, एक ठरलेलं लग्न मोडलंय, आणि एका अंत्यविधीत मयत कुठल्या बंदुकीचा माणूस होता ह्यावरून शवपेटीसमोर जुंपली होती. पाद्र्यानं मध्ये पडून 'तो येशूचा माणूस होता' असं सांगितलं, पण त्यानं कुणाचंच समाधान झालं नाही.

त्या दिवशी सगळ्यात मोठा आवाज होता ऑर्व्हिल स्टेनरुडचा.

ऑर्व्हिलनं जन्मभर काउंटीच्या रस्त्यांवर ग्रेडर चालवला. उन्हाळ्यात खडी सारखी करायची, हिवाळ्यात बर्फ बाजूला लोटायचा. केबिनमध्ये बोलायला कुणी नाही. त्यामुळं दिवसभर तुंबलेलं बोलणं तो संध्याकाळी कॅफेत आणून सोडायचा, आणि समोर जो बसला असेल तो भिजून निघायचा. रिटायर झाल्यावर तर बांध फुटला. विषय एकच. मोठं माप.

त्याची बंदूक तीनशे अडतीस मॅग्नम. जाड नळी, लांबलचक काडतूस, आणि लाथ अशी की चाप ओढला की माणूस आणि बंदूक दोघं एकमेकांना मारतात. तिचं नाव त्यानं हिल्डा ठेवलं होतं. हिल्डा हे त्याच्या सासूचं नाव.

"दोघी बी खांद्यावर बसत्यात," तो सांगायचा.

"माझ्या आईनं निदान तुला जेवायला तरी घातलं," त्याची बायको आर्डिस म्हणायची.

ऑर्व्हिलच्या उजव्या भुवईवर एक चंद्रकोर होती. आमच्याकडच्या बायका कपाळावर लावतात तशीच, फक्त ही रक्तानं कोरलेली. बंदूक उसळली की तिच्यावरची दुर्बीण मागं येऊन कपाळाला चावते, त्याची ती खूण. विलो फोर्कचे मॅग्नमवाले ती चंद्रकोर सौभाग्यासारखी मिरवतात. ऑर्व्हिलला तर एकीवर एक अशा तीन होत्या. टोपी जरा मागं सरकवूनच तो कॅफेत शिरायचा.

"एल्क म्हंजे काय शेळी हाय व्हय?" कप आपटून तो सुरू करायचा. "घोड्याएवढं धूड! खांद्याचं हाड बघितलंयस? त्याला मोठं माप पायजे. कुठं बी लागू दे, बसतोच."

समोर मिर्को कोवाचिच असायचा. मिर्कोची मांसाची शेड होती. शिकारी लोक एल्क आणून टाकायचे, मिर्को कापायचा, आणि हंगामात आर्डिस तिथं मांस पांढऱ्या कागदात बांधायला जायची. मिर्को मधल्या मापाच्या तीस-झिरो-सिक्स बंदुकीवाला. आज्याची बंदूक, बापाची बंदूक, आता ह्याची.

"शेपटाला लागली तर?" मिर्को विचारायचा.

"शेपटासकट बसतो!"

"मंग मागच्या साली का न्हाई बसला?"

इथं ऑर्व्हिल कॉफी ढवळायला लागायचा. तो कॉफीत साखर घालत नव्हता, तरी.

कारण मागच्या साली त्याची गोळी चुकली होती. त्याच्या मागच्या सालीही. एकदा वारा आला म्हणे. एकदा एल्क ऐन वेळी वाकला म्हणे. फ्रीझरमध्ये आर्डिसनं मारलेली दोन हरणं आणि दुकानातलं बीफ. दुकानातलं बीफ खाणारं घर म्हणजे विलो फोर्कमध्ये जवळजवळ घटस्फोट झालेलं घर. शेजारी पातेल्यात डोकावून बघतात आणि "बरं हाय की," म्हणतात. त्या 'बरं'मध्ये काय काय असतं ते ज्याला ऐकावं लागतं त्यालाच कळतं.

आणि अशात त्या वर्षी शिकारीच्या परवान्यांच्या सोडतीत ऑर्व्हिलचं नाव निघालं.

वरच्या राखीव डोंगरातला एल्कचा मोठा नर मारायचा परवाना. ऑर्व्हिल दरवर्षी अर्ज करायचा, दरवर्षी नकार यायचा. तेवढ्या वर्षांत त्याच्या मुलीचं लग्न झालं, मोडलं, दुसरं झालं, आणि दुसरा जावई पहिल्यापेक्षाही बेकार निघाला. आता परवाना हातात आला होता. पुन्हा नाव निघायची वाट बघायची तर ती लुथरन दफनभूमीत आडवं पडूनच बघावी लागली असती.

"ह्या बारीला चुकायचं न्हाई," तो आरशात बघून म्हणाला. आरशातल्या माणसानं नजर चुकवली.

*

हंगामाच्या आधी बंदुकीचं निशाण तपासायचं असतं. काउंटीच्या खडीच्या खाणीत सगळे जातात. ऑर्व्हिल, आर्डिस आणि मिर्को तिघं गेले. समोर कागद लावला. ऑर्व्हिलनं हिल्डाला वाळूच्या पिशवीवर टेकवलं, दस्ता खांद्यात खुपसला आणि चार काडतुसं झाडली. डोंगर दणाणला, कावळे उठले, आर्डिसच्या थर्मासचं झाकण पडलं. कागदावर मात्र गोवर आल्यासारखे ठिपके होते. एक वर, एक खाली, एक कोपऱ्यात, आणि चौथ्यानं कागद बघितलाच नव्हता.

"दुर्बीण ढिली झालीया," ऑर्व्हिल म्हणाला.

मिर्कोनं दुर्बीण हलवून बघितली. भिंतीत खिळा बसावा तशी बसली होती.

"बोटं गारठल्यात तुझी," आर्डिस म्हणाली. एरवी ती एवढ्या मायेनं बोलत नाही, तिथंच त्याला संशय यायला हवा होता. "दे, मी भरून देते."

तिनं त्याच्याकडं पाठ केली, बोल्ट मागं ओढला आणि आत एक झाडलेली रिकामी पुंगळी सारली. बोल्ट बंद केला. बंदूक त्याच्या हातात दिली.

ऑर्व्हिलनं श्वास सोडला. निशाण धरलं. चाप ओढला.

टिक्.

बंदूक उडालीच नाही. उडाला तो ऑर्व्हिल. डोळे गच्च मिटले, खांदा पुढं गेला, तोंड लिंबू चावल्यासारखं झालं, आणि नळीनं एक वीतभर खाली मान टाकली. बंदूक बिचारी शांत होती. तिनं काही केलंच नव्हतं. सगळं ह्यानंच एकट्यानं केलं होतं.

मोठ्या बंदुकीला माणूस कुठं भितो ते असं दिसतं. एरवी दणक्याच्या आवाजात सगळं झाकून जातं. म्हणून तर दणका देणाऱ्या बंदुका पुरुषांना आवडतात.

आर्डिस आपल्या बुटांकडं बघत होती. मिर्कोनं तोंडावर हात फिरवला, आभाळाकडं बघितलं, बोट ओलं करून वर धरलं.

"वारा हुता," तो म्हणाला.

दुपारपर्यंत गावभर झालं. मिर्को मित्र होता, पण इतका नाही. लव्हॉन कॉफी ओतायला आली आणि कप भरता भरता जिभेनं 'टिक्' केलं. ऑर्व्हिल दचकला, कॉफी टेबलावर. मग काय, पोरं पेट्रोल पंपावर टिक् करायला लागली. पाद्र्यानं प्रवचनात घसा खाकरला तरी मागच्या बाकावर हसू फुटायचं. ऑर्व्हिल टोपी पार नाकापर्यंत ओढून फिरायला लागला.

*

"माझी घे," एका रविवारी जेवताना आर्डिस म्हणाली.

तिची बंदूक दोनशे सत्तर. हलकी, बारीक मापाची, तिच्या बापानं दिलेली. त्या बंदुकीनं तिनं बरीच हरणं आणि एल्कच्या काही माद्या मारल्या होत्या, आणि कुणाला सांगितलं नव्हतं. म्हणजे सांगितलं होतं, पण ऑर्व्हिल बोलत असताना कुणाला ऐकू जाणार?

"ती हरणाची बंदूक हाय," ऑर्व्हिल म्हणाला.

"हरणाची गोळी घातली तर हरणाची. एल्कची घातली तर एल्कची."

"मंग परकर बी दे की तुझा. तो घालून जातो."

"तुला व्हायचा न्हाई."

ती उठली, फडताळातनं लोणच्याची बरणी काढली आणि कुस्करलेल्या बटाट्यांच्या शेजारी टेबलावर उपडी केली. गोळ्या गडगडत आल्या. चेपलेल्या, फुटलेल्या, मशरूमसारख्या उमललेल्या. मांस बांधताना सापडलेल्या सगळ्या गोळ्या ती साठवून ठेवायची.

"ही बघ. मॅग्नमची. कुठं सापडली? ढुंगणात. ही बी मॅग्नमची, आतड्यात, सगळं मांस नासलं. मिर्को शिव्या घालत हुता. ही बघ." तिनं नखावर एक शिशाचा तुकडा उचलला. "ही हलकी, शिशाची, हरणाची. खांद्याच्या हाडावर भुगा झाली. जनावर तसंच पळालं, पुढच्या आठवड्यात दुसऱ्यानं मारलं तेव्हा ही निघाली. आता ही. दोनशे सत्तरचीच, पण सगळी तांब्याची. पुढून चार पाकळ्या उघडल्यात, तुकडा एक बी पडला न्हाई. हाड फोडून पलीकडच्या कातड्याला जाऊन चिकटली हुती. शिसं फुटतं, ऑर्व्ही. तांबं उमलतं."

ऑर्व्हिलनं काटा खाली ठेवला. तो बडबड्या होता, बिनडोक नव्हता.

"आन् मॅग्नमनं जे नीट मेलं," तो म्हणाला, "त्यांची गोळी आरपार जाऊन डोंगरात पडली. ती तुझ्या बरणीत कशी येणार? तुझ्या बरणीत नुसती नापास पोरं हायत."

आर्डिसनं एक गोळी उचलून परत ठेवली. तिनं बरणीकडं बघितलं. इतक्या वर्षांत हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

"ते खरं हाय," ती शेवटी म्हणाली. "मॅग्नम वाईट न्हाई. ती चालवणारा डोळं मिटतो, त्येचं काय?"

"अस्वल आलं तर?"

"मला फोन कर."

त्यानं बटाटे संपवले. पण हंगाम उघडला त्या सकाळी गाडीच्या मागच्या सीटवर त्यानं हिल्डालाच ठेवलं. गावानं टिक् केलं होतं. आता हिल्डानंच एल्क पाडायचा, आणि शिंगं गाडीच्या टपावर बांधून कॅफेसमोरून दोनदा जायचं. आर्डिसकडं मादीचा परवाना होता, म्हणून तिनं आपली दोनशे सत्तर घेतली आणि त्याच्या शेजारी बसली. तिनं एक शब्द काढला नाही. बायको गप्प बसली की ऑर्व्हिलला गाडी चालवताना घाम येतो.

*

नोव्हेंबरचा कोरडा बर्फ पायाखाली कुरकुरत होता. दोघांच्या अंगात नारिंगी जाकिटं, लांबून बघणाऱ्याला डोंगरावर दोन भोपळे चढताना दिसले असते. ऑर्व्हिल दर वळणावर थांबायचा आणि देखावा बघतोय असं दाखवायचा. आर्डिस सिगारेट पेटवून त्याला दम लागलाय हे न दिसल्यासारखं करायची. संसार म्हणजे आणखी काय असतं?

वरच्या कडेला एक पाइन आडवा पडला होता. त्याच्या आड दोघं पालथी झाली. समोर दरी, दरीपलीकडं उतरणीवर मोकळी जागा. बराच वेळ काही नाही. मग झाडीतनं एक मादी आली, दुसरी आली, आणि मागनं तो.

असा नर ऑर्व्हिलनं फक्त कॅलेंडरवर बघितला होता. मानेवर काळी आयाळ, शिंगं पाठीपर्यंत गेलेली, नाकातनं वाफा. तो आडवा उभा राहिला आणि बर्फ खुरानं उकरायला लागला. जणू परवाना त्यानंही वाचला होता.

ऑर्व्हिलनं हिल्डाचा दस्ता खांद्याला लावला. दुर्बिणीत खांदा दिसला. त्याच्या जरा मागं, खाली, काळीज आणि फुफ्फुसं. बोट चापावर गेलं.

आणि त्याचे डोळे आधीच मिटायला लागले.

त्यानं उघडले. पुन्हा निशाण. पुन्हा पापण्या आपोआप खाली. भुवई आक्रसायला लागली, ती तिन्ही चंद्रकोरींसकट. बंदूक उडायच्या आधीच त्याला तिची लाथ बसत होती. एवढ्या वर्षांच्या अर्जांनंतर निघालेला परवाना, समोर असा नर, आणि मधे काय? तर त्याच्या पापण्या.

त्यानं हिल्डा हळूच बर्फावर ठेवली.

"दे," तो कुजबुजला.

"काय दे?" आर्डिस कुजबुजली.

"तुला ठाव हाय काय."

"मला काय ठाव? थर्मास देऊ?"

"आर्डिस!"

"हळू. मादीनं मान वर केली."

मादी खरंच ह्यांच्या दिशेनं बघत होती. दोघंही दगड झाली. मादीनं पुन्हा मान खाली घातली.

"तुझी बंदूक दे," ऑर्व्हिल म्हणाला.

"हरणाची?"

"व्हय. हरणाची. दे."

"परकर नको?"

"आर्डिस, तुझ्या पाया पडतो. तो जाईल."

"मला जमत न्हाई म्हण."

ऑर्व्हिलनं तिच्याकडं बघितलं. ती चेष्टा करत नव्हती. करत होती, पण नुसतीच नाही. आतापर्यंत त्यानं हे गावात कुणाला म्हटलं नव्हतं. स्वतःलाही नाही.

"हिल्डा मला झेपत न्हाई," तो म्हणाला. "तिच्या लाथंनं खांदा उतरला हुता, तेव्हापास्नं न्हाई. मला भ्या वाटतं तिचं."

तिनं दोनशे सत्तर त्याच्याकडं सरकवली. आत तांब्याची गोळी भरलेली होती.

बंदूक हातात इतकी हलकी लागली की त्याला क्षणभर लाज वाटली. मग दुर्बिणीत नर आला. श्वास अर्धा सुटला. बोटानं चाप दाबला, आणि ह्या वेळी डोळ्यांना काय करावं तेच कळलं नाही, म्हणून ते उघडेच राहिले.

ठप्प. दणका नाही, नुसता ठोसा. खांद्याच्या मागं केसांचा एक पुंजका हलताना त्यानं बघितला.

नर तसाच उभा. कान हलवला. माशी बसल्यासारखा.

"बघ!" ऑर्व्हिल ओरडला. "बघ! सांगितलं हुतं का न्हाई? हरणाची बंदूक! कळलं सुद्धा न्हाई त्येला! आता आयुष्यभर–"

"दुसरी घाल, गाढवा! भाषण मागनं कर!"

त्यानं बोल्ट ओढला, तोंड मात्र चालूच. "मोठं माप असतं तर जाग्यावर–"

नर दोन पावलं पुढं गेला, मग दोन बाजूला, पिऊन आलेल्या पाहुण्यासारखा. मागचे पाय एकमेकांत अडकले. आणि तो मोडकळीस आलेल्या गोठ्यासारखा सावकाश, सगळ्या बाजूंनी एकदम, खाली बसला आणि आडवा झाला. माद्या झाडीत पळाल्या. बर्फाचा धुरळा उडून खाली बसला.

ऑर्व्हिलचं वाक्य अर्धंच राहिलं. त्याच्या आयुष्यात हे फारसं घडलं नव्हतं.

मग तो म्हणाला, "मी बघितलं. केस हलताना बघितलं मी. लागताना." त्यानं बोटानं ती जागा दाखवली. "आजपर्यंत कधी दिसलंच नव्हतं."

आर्डिसनं खिशातनं चाकू काढून त्याच्या हातात दिला. तो नाक पुसत होता, आणि थंडीनं नाक वाहतंच.

*

आता एवढं झाल्यावर माणूस नरम पडतो, असं वाटणं साहजिक आहे. आर्डिसलाही तसं वाटलं होतं. दोन दिवस फ्रीझर भरला, कोपऱ्याकोपऱ्यात पांढरी पुडकी बसली, दुकानातलं बीफ कुत्र्याला गेलं, आणि ऑर्व्हिल घरात मांजरासारखा वागला.

तिसऱ्या दिवशी तो कॅफेत गेला. टोपी मागं सरकवून.

"मॅग्नम?" मिर्कोनं अजून तोंडही उघडलं नव्हतं, तोवर ह्याचं सुरू. "मॅग्नम कोण वापरतो सांगू? ज्येला निशाण लागत न्हाई तो! दोनशे सत्तर, तांब्याची गोळी, फुफ्फुसात. बास. शिसं फुटतं, मिर्को, तांबं उमलतं. मी ह्येचा अभ्यास केलाय."

"तू?"

"बरणीभर गोळ्या हायत घरी. ये बघायला."

आर्डिस काउंटरवर कॉफी पीत होती. तिनं लव्हॉनकडं बघितलं. लव्हॉननं भुवया वर केल्या.

ओरेगॉनहून आलेला एक दाढीवाला शिकारी पलीकडच्या टेबलावर अंडी खात होता. त्याच्या भुवईवर ताजी चंद्रकोर, अजून टाके होते. ऑर्व्हिल खुर्ची ओढून त्याच्यासमोर जाऊन बसला.

"लेकरा," तो मायेनं म्हणाला, "डोळं मिटतोस का रं तू?"

दाढीवाल्याचा घास तोंडातच राहिला.

आर्डिसनं कप खाली ठेवला. "ऑर्व्ही, माझा मादीचा परवाना अजून तसाच हाय. मी आज वर जाते."

"थांब जरा. ह्येला सांगून येतो. आन् आपली बंदूक जपून वापर, निशाण मी बसवलंया."

"आपली," आर्डिस म्हणाली. तो शब्द तिनं जिभेवर घोळवला आणि थुंकायला बाहेर गेली असावी, कारण दार वाजलं. मग गाडीचं इंजिनही वाजलं.

ऑर्व्हिलनं वर बघितलं तेव्हा खिडकीबाहेर नुसती टायरांची नक्षी होती. गाडी गेली होती, बंदूक गेली होती, बायको गेली होती. घर गावाबाहेर, वाट सगळी चढाची, आणि बर्फ नव्यानं भुरभुरायला लागला होता.

मिर्कोनं गाडीच्या किल्ल्या काढल्या. "चल, सोडतो. पण अट हाय. घर येईस्तोवर कॅलिबर न्हाई, गोळी न्हाई, तांबं न्हाई. चकार शब्द न्हाई."

ऑर्व्हिलनं किल्ल्यांकडं बघितलं. बाहेर बघितलं. आपल्या बुटांकडं बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर खराच झगडा चालला होता, तो सगळ्या कॅफेनं काटे खाली ठेवून बघितला.

मग त्यानं जाकीट चढवलं, गळ्यापर्यंत चेन ओढली, आणि दाढीवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"तू कुठल्या बाजूनं निघालास, लेकरा?"

"खाली. शहराकडं."

"मंग जाऊ दे," ऑर्व्हिल म्हणाला, आणि चढाच्या वाटेला लागला. मिर्को गाडी घेऊन मागनं हळूहळू निघाला, काच वर करून. काचेआड ऑर्व्हिलचं तोंड हलताना दिसत होतं. शेवटी मिर्कोला राहवलं नाही. त्यानं काच बोटभर खाली केली.

"आन् दीडशे ग्रेन वजनाची गोळी असती तर?" त्यानं विचारलं.